धूर, वाफ आणि शासनाचे तारतम्य

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर संपूर्ण बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने त्या वटहुकमाला कायद्याचे रूप दिले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात यांपैकी काहीही मोकळे ठेवण्यात आले नाही. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. शासनाच्या इच्छाशक्तीविषयी शंका घ्यायला या कायद्याने जागा ठेवलेली नाही. मात्र ज्या दिवशी हा वटहुकूम जाहीर झाला, त्याच दिवशी शेअरबाजारात सिगारेट कंपन्यांच्या शेअर्सचे भाव चढले. बाजाराला नीतिशास्त्र कळत नसले, तरी कोणाचा प्रतिस्पर्धी वाटेतून दूर झाला एवढे निश्चितच कळते.

या घटनेला आता सहा वर्षे उलटून गेली आहेत. तेवढा काळ एखाद्या धोरणाचा हिशेब मांडण्यास पुरेसा असतो. तो मांडताना प्रथम एक गोष्ट स्वच्छ करून घेतली पाहिजे. ई-सिगारेट ही निरुपद्रवी वस्तू आहे, असा दावा कोणीही जबाबदार माणूस करीत नाही. प्रश्न अपायाच्या तुलनेचा आहे. ज्या माणसाच्या हातात आज काहीच नाही, त्याच्या दृष्टीने ही वस्तू सरळसरळ तोट्याची आहे. ज्याच्या हातात वीस वर्षे बिडी किंवा सिगारेट आहे आणि जी सोडण्याचा त्याने चार वेळा प्रयत्न करून पाहिला आहे, त्याच्या दृष्टीने हिशेब वेगळा निघतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते की, कोणत्याही वस्तूची किंमत तिच्या पर्यायाच्या संदर्भात मोजायची असते. आपल्या कायद्याने नेमका तो पर्यायच विचारात घेतला नाही.

सिगारेट किंवा बिडी माणसाला मारते ती मुख्यत्वे जळण्यामुळे. तंबाखूची पाने पेटली की त्यांतून हजारो रसायने बाहेर पडतात. डांबरासारखा चिकटा फुप्फुसांत साचतो, कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरतो. निकोटीन व्यसन लावते, हृदयाची गती आणि रक्तदाब वाढविते, गर्भाला आणि वाढत्या वयाच्या मेंदूला ते घातक ठरू शकते; तरी कर्करोगाचे आणि फुप्फुसांच्या दीर्घ विकारांचे ओझे मुख्यतः धुराच्या माथ्यावर आहे. मायकेल रसेल या ब्रिटिश संशोधकाने १९७६ सालीच हे सूत्र मांडले होते की, माणसे धूम्रपान करतात ती निकोटीनसाठी आणि मरतात ती डांबरामुळे. ई-सिगारेटमध्ये तंबाखू नसते आणि काही जळतही नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांत मिसळलेले निकोटीन विजेरीच्या उष्णतेने तापते आणि त्याचे तुषार श्वासाबरोबर आत घेतले जातात. तिला आजचे रूप देणारे होन लिक हे चीनमधील औषधशास्त्रज्ञ स्वतः धूम्रपान करणारे होते आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. पुढे या शोधाचे जे बाजारी रूप झाले, त्यापुढे हा तपशील सहसा विसरला जातो.

ब्रिटनने या वस्तूकडे पाहण्याचा जो मार्ग पत्करला, तो अभ्यासण्यासारखा आहे. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध १९६२ साली आपल्या अहवालाने जनतेपुढे ठेवणारी लंडनच्या वैद्यांची जुनी संस्था म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स. याच संस्थेने २०१६ साली दुसरा अहवाल काढून सांगितले की, ई-सिगारेटचा दीर्घकालीन अपाय धूम्रपानाच्या अपायाच्या पाच टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव नाही. हा आकडा प्रयोगशाळेत मोजलेला नाही, तज्ज्ञांच्या अंदाजातून आलेला आहे, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. चाळीस वर्षे ती वाफ ओढणारी पिढीच अजून अस्तित्वात नसल्याने अंतिम उत्तर आज कोणापाशीही नाही. तथापि वाफेतील घातक द्रव्ये धुराच्या मानाने फार कमी असतात, हे रासायनिक पृथक्करणावरून दिसून आले आहे आणि सिगारेट सोडून पूर्णपणे वाफेकडे वळलेल्यांच्या शरीरातील विषद्रव्येही उतरलेली आढळली आहेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या साधनाने माणसे खरोखर सिगारेट सोडतात काय? इंग्लंडमधील धूम्रपान-मुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. एका गटाला निकोटीनचा डिंक, पट्ट्या वगैरे नेहमीची साधने देण्यात आली, दुसऱ्याला ई-सिगारेट. वर्षाअखेर पहिल्या गटातील ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते, दुसऱ्यातील १८ टक्के. म्हणजे यश जवळजवळ दुप्पट. तरीही दर शंभरांत ब्याऐंशी अयशस्वीच, हेही ध्यानात ठेवायला हवे. आणखी एक आकडा या प्रयोगात होता. ई-सिगारेटच्या आधाराने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. डिंक आणि पट्ट्या वापरणाऱ्या यशस्वी गटात हे प्रमाण ९ टक्के होते. विरोधकांच्या मते ही व्यसनमुक्ती नव्हे, व्यसनाची अदलाबदल आहे. आक्षेप खरा आहे. परंतु ज्या अदलाबदलीत मृत्यूचा धोका पुष्कळ कमी होतो, ती नाकारण्याचा अधिकार शासनाला कोठून प्राप्त होतो, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देण्याचे कष्ट आपल्याकडे कोणी घेतलेले नाहीत.

ब्रिटनने या वस्तूला मोकळे रान दिले असाही समज करून घेऊ नये. तेथे दर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन ठेवता येत नाही, अठरा वर्षांखालील मुलांना विक्री निषिद्ध आहे. २०२३ साली इंग्लंडमध्ये शासनाने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटचे संच देण्याची योजना जाहीर केली. त्या देशातील प्रौढांमधील धूम्रपानाचे प्रमाण २०११ साली २०.२ टक्के होते, ते २०२३ मध्ये ११.९ टक्क्यांवर आले. याचे सारे श्रेय ई-सिगारेटला देणे अशास्त्रीय होईल. जबर कर आणि सार्वजनिक ठिकाणची बंदी यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय या धोरणाची किंमतही ब्रिटनने मोजली. २०२३ च्या एका पाहणीत अकरा ते सतरा वर्षांच्या दर पाच मुलांपैकी एकाने ई-सिगारेट चाखून पाहिल्याचे दिसले, आणि रंगीबेरंगी वेष्टनात स्वस्तात मिळणाऱ्या, वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटवर १ जून २०२५ पासून बंदी घालावी लागली.

अमेरिकेची कहाणी अधिक कडू आहे, आणि आपल्या बंदीमागे खरी भीती होती ती तिचीच. ज्यूल नावाची, पेनड्राइव्हसारखी दिसणारी ई-सिगारेट २०१५ साली तेथे बाजारात आली. ब्रिटनच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट निकोटीन, फळांचे व मिठायांचे स्वाद, समाजमाध्यमांवरील चकचकीत तरुण चेहरे. परिणाम व्हायचा तोच झाला. २०१९ साली माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के मुले ई-सिगारेट ओढत असल्याचे सरकारी पाहणीत आढळले. दरम्यान, २०१८ च्या डिसेंबरात मार्लबोरो सिगारेट बनविणाऱ्या अल्ट्रिया कंपनीने १२.८ अब्ज डॉलर मोजून ज्यूलचा पस्तीस टक्के हिस्सा विकत घेतला. धुरावर पोसलेली कंपनी वाफेत पैसा घालते तेव्हा ती लोकांच्या फुप्फुसांची काळजी वाहते, असे मानण्याइतके भोळे कोणी राहू नये. सिगारेट कंपन्यांनी फिल्टर आणि ‘लाइट’ सिगारेटच्या नावाखाली एकदा जगाला फसविले आहे. कमी अपायाची भाषा त्यांच्या तोंडी आली की कान टवकारले जातात, त्यात लोकांचा दोष नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यानंतर अमेरिकेत फुप्फुसांच्या एका तीव्र विकाराने घबराट उडाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ दगावले. आपला वटहुकूम याच घबराटीच्या दिवसांत निघाला. नंतरच्या तपासात मुख्य दोषी ठरले ते गांजातील अमली द्रव्याच्या चोरट्या कुप्यांत भेसळ म्हणून घातलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. म्हणजे अनर्थ झाला तो प्रामुख्याने काळ्या बाजारातील मालाने. बंदीच्या समर्थनार्थ ज्या घटनेचा दाखला दिला जातो, ती चोरट्या मालाचे धोके दाखविते. आणि आपल्या बंदीने ई-सिगारेटचा सर्वच व्यवहार चोरटा करून टाकला आहे. दुसरीकडे, अमेरिकी शाळांतील तेच प्रमाण संपूर्ण बंदीवाचून, वयाची अट, स्वादांवरील निर्बंध आणि कंपन्यांवरील खटले यांच्या वाटेने, २०२४ पर्यंत ७.८ टक्क्यांवर उतरले.

आता भारताकडे वळावे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखूविषयक पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होती. धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते. त्यांत बिडी ओढणारे ७.७ आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. ई-सिगारेट वापरणारे होते ०.०२ टक्के. तंबाखूमुळे देशात दरवर्षी तेरा लाखांहून अधिक मृत्यू होतात असा अंदाज आहे, आणि २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूजन्य आजार व अकाली मृत्यू यांचा आर्थिक भार १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून अधिक, निघाला. अशा परिस्थितीत शासनाने संपूर्ण बंदीचे शस्त्र उपसले ते ०.०२ टक्क्यांवर.

साथ पसरण्यापूर्वीच रोखणे शहाणपणाचे असते, असे यावर उत्तर देण्यात येते आणि त्यात तथ्य आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये बंदीची शिफारस केली ती याच भूमिकेतून. पण अर्थमंत्र्यांनी बंदी जाहीर करताना एक गोष्ट सहज सांगितली होती, ती अधिक बोलकी आहे : या वस्तूचे चारशेहून अधिक ब्रँड आहेत आणि त्यांपैकी एकही भारतात तयार होत नाही. म्हणजे बंदीने ना कोणाचा कारखाना बंद पडणार होता, ना कोणा शेतकऱ्याचे पीक पडून राहणार होते. याउलट बिडीमागे सुमारे पन्नास लाख कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. सोलापूर, सिन्नर, निपाणी या गावांची नावे घेतली की ते घराघरांतील सूप, पाने आणि दोरा डोळ्यांपुढे उभा राहतो. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली रास्त भावासाठी गोळ्या झेलल्या. तंबाखूच्या व्यापाराची काळजी वाहण्यासाठी केंद्राने १९७६ पासून एक स्वतंत्र मंडळ गुंटूरला बसविलेले आहे. आयुर्विमा महामंडळापाशी देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे सुमारे पंधरा टक्के भाग आहेत. म्हणजे अकाली मृत्यूची जोखीम ज्याने पत्करायची, त्याचाच पैसा त्या मृत्यूच्या कारणात गुंतला आहे, आणि तो पैसा मुळात शिक्षक-कारकुनांच्या हप्त्यांचा आहे. याविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही दाखल झाली होती. एवढे हितसंबंध असलेल्या वस्तूवर बंदी घालणे कोणत्याही सरकारला जड जाईल, हे समजण्यासारखे आहे. मग निदान कमी अपायाच्या वस्तूला अधिक अपायाच्या वस्तूहून कठोर कायदा लावू नये, एवढी तरी अपेक्षा गैर ठरत नाही. उलट २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कराचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. बिडीचा धूर गरिबाच्या फुप्फुसात सिगारेटहून सौम्य होतो, असा शोध लागल्याचे ऐकिवात नाही.

पर्यायी वस्तूंच्या बाबतीत किमतीचे वर्तन कसे असते, याचा चांगला दाखला अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिळतो. या राज्याने ई-सिगारेटवर घाऊक किमतीच्या ९५ टक्के इतका कर बसविला. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आकडेमोड केली तेव्हा दिसले की, हा कर नसता तर आणखी सुमारे ३२,४०० प्रौढांनी सिगारेट सोडली असती. एक वस्तू महाग केली की माणूस दुसरीकडे वळतो, हा नियम चहा-कॉफीइतकाच येथेही लागू पडतो. बंदी म्हणजे कायदा पाळणाऱ्यासाठी अमर्याद कर. जो कायदा पाळतो तो सिगारेटकडे परततो आणि जो पाळत नाही तो चोरट्या मालाकडे जातो.

आणि चोरटा माल मिळतो. मोठ्या शहरांत महाविद्यालयांच्या आसपास तो कोठे मिळतो हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मे २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला कायद्याची अंमलबजावणी कसोशीने करण्याची जाहीर सूचना काढावी लागली आणि पुढे तक्रारींसाठी संकेतस्थळही उघडावे लागले, हीच बंदीच्या यशाची पावती. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. २०१२ साली येथे गुटखाबंदी झाली. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी विभागणी करून विक्रेत्यांनी ती काही आठवड्यांत निकालात काढली. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी आली. कोणत्याही टपरीवर उभे राहून तिची फलश्रुती पाहता येते. ई-सिगारेटचे नियमन करण्याची क्षमता आपल्या यंत्रणेत नाही, म्हणून बंदीच बरी, असे बंदीचे समर्थक सांगतात. परंतु नियमनाला जितकी यंत्रणा लागते, त्याहून अधिक बंदीला लागते. ज्या विक्रेत्याकडे परवाना असतो, त्याला तो गमावण्याची धास्ती असते. चोरट्या विक्रेत्याला गिऱ्हाईकाचे वय विचारण्याचे काही कारण नसते.

ऑस्ट्रेलियासारख्या सुव्यवस्थित देशातही डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती २०२१ पासून केल्यावर प्रचंड काळा बाजार वाढला आणि टोळ्यांनी एकमेकांची दुकाने पेटविण्यापर्यंत मजल गेली. शेजारच्या न्यूझीलंडने २०२० साली कायदा करून प्रौढांना नियंत्रित विक्री मोकळी ठेवली. तेथील रोज धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण २०११-१२ मध्ये १६.४ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ६.९ टक्क्यांवर आले. त्याबरोबर तरुणांतील ई-सिगारेटचा वापरही वाढला आणि त्याची चिंता तेथे वाहिली जात आहे. दोन्ही फळे एकाच झाडाची आहेत. एक घेऊन दुसरे नाकारता येत नाही. फक्त त्यांचे वजन करावे लागते.

हे वजन करताना भारतात आणि त्यातही महाराष्ट्रात एक मोठी अडचण आहे, आणि ई-सिगारेटचे शहरी पुरस्कर्ते तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष करतात. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे, चोळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के होते. खेड्यातील जी बाई पहाटे चुलीपाशी बसून मिश्री भाजते, तिला ई-सिगारेटचा काडीचाही उपयोग नाही. बिडी ओढणाऱ्या हमालाला हजार-दोन हजारांचे ते उपकरण परवडणारही नाही. तेव्हा बंदी उठवली की लाखो जीव वाचतील, हा दावा या राज्यापुरता पोकळ आहे. लाभ होईल तो मुख्यतः शहरातील सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचा. पण ते थोडे आहेत म्हणून त्यांनी धुरातच राहावे, असेही म्हणता येत नाही.

खरे पाहता कमी अपायाचे तत्त्व एका उपकरणापुरते नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची स्नूस नावाची तंबाखू प्रचलित आहे. तिच्यातील कर्करोगकारक द्रव्ये प्रक्रियेने बरीच कमी केलेली असतात, आणि पुरुष मोठ्या संख्येने सिगारेट सोडून तिच्याकडे वळल्याने त्या देशातील धूम्रपानाचे प्रमाण युरोपात सर्वांत खालच्यांपैकी आहे. आपला गुटखा आणि खैनी यांची तिच्याशी तुलना करणे अनर्थकारक होईल. तोंडाच्या कर्करोगाने भरलेली आपली रुग्णालये त्याची साक्ष आहेत. पण निकोटीन देणारे आणि तोंड न सडविणारे साधन आपल्याकडेही आहे : निकोटीनचा डिंक. तो दोन मिलिग्रॅमपर्यंत चिठ्ठीविना मिळतो, आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपचाराचा समावेशही झाला आहे. मात्र बिडीच्या कट्ट्याची किंवा तंबाखूच्या पुडीची किंमत आणि दिवसभराच्या डिंकाची किंमत यांची तुलना केली तर रोजंदारीवरचा माणूस कोणते दुकान गाठील, हे सांगायला नको. २०१६-१७ च्या पाहणीतच धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्क्यांनी आदल्या वर्षभरात ते सोडण्याचा प्रयत्न केला होता, असे नमूद आहे. हे लोक उपदेशाच्या पलीकडे गेलेले आहेत. त्यांना साधन हवे आहे.

कायद्यात बदल करायचा तर तो संसदेला करावा लागेल आणि त्याची घाई कोणत्याही पक्षाला नाही. तो कधी झालाच, तर ई-सिगारेट पानाच्या टपरीवर आणण्याचे कारण नाही. ती औषधाच्या दुकानात, एकवीस वर्षांवरील ग्राहकाला, ब्रिटनइतकीच निकोटीनची मर्यादा ठेवून, साध्या वेष्टनात आणि मिठाईच्या स्वादांवाचून विकता येईल. जाहिरात पूर्ण बंद असावी. सिगारेट कंपन्यांना या व्यवसायात शिरू द्यावे की नाही, याचा निर्णय वेगळा आणि कठोरपणे व्हावा. अल्ट्रियाचे उदाहरण पाहता त्यांना बाहेर ठेवणेच इष्ट. तोवर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना निदान भारतीय बिडी ओढणाऱ्यांवर या साधनाचे प्रयोग करण्याची वाट मोकळी करून द्यायला हवी. आज या प्रश्नावर जे काही ज्ञान आहे, ते इंग्लंड-अमेरिकेच्या सिगारेट ओढणाऱ्यांविषयीचे आहे आणि त्यावरून सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराबद्दल निष्कर्ष काढणे दोन्ही पक्षांना सारखेच अवघड आहे.

डिंकाला मात्र कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयाची औषधे मोफत मिळतात, रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात. त्याच खिडकीवर बिडी सोडू पाहणाऱ्याला आणि मिश्री सोडू पाहणारीला आठ-दहा आठवड्यांचा डिंक देण्यासाठी वटहुकूम लागत नाही, अर्थसंकल्पात एक ओळ लागते. सिगारेटवरील करातून जमणाऱ्या रकमेचा एक लहानसा हिस्सा तिला पुरेल.